भिडूला इंग्रजीत

फोर्टातलं सेशन्स कोर्ट, खोली सोळा.
टायपिस्टची बोटं हवेत थांबलेली.
साक्षीदार प्रज्योत हडकर, वय बावीस, राहणार घोडपदेव,
अंगात कुणाचातरी मोठ्या मापाचा शर्ट,
म्हणाला,
"अल्ताफ कुठे जाणार साहेब, रात्रभर माझ्याकडेच होता.
भिडू आहे आपला."

इथलं कामकाज इंग्रजीत.
म्हणून मी. सव्वीस वर्षं.
या तोंडातला शब्द त्या तोंडात घालायचा,
चव घ्यायची नाही.

सरकारी वकील अर्धे उठले:
साथीदार. गुन्ह्यातला भागीदार. तसंच लिहा, मॅडम.
बचावाच्या बाई म्हणाल्या: मित्र हो, साधा मित्र.
आणि सगळे माझ्याकडे बघत राहिले.

शब्दकोशात सापडेल: खेळगडी.
पत्त्यांच्या डावात समोर बसतो तो.
समोर, हे महत्त्वाचं.
शेजारी काय, कुणीही बसतं.
समोर बसतो तो आपलं पान न बघता
आपल्यासाठी हुकूम राखून ठेवतो,
आणि चुकलो की
अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशी शिवी घालतो.

आमच्या बीआयटी चाळीच्या चौकात
भिडू वाटून घ्यायची रीत होती.
दोघींनी गळ्यात हात टाकून टाकीमागे जायचं,
गुपचूप नावं ठरवायची,
परत येऊन दोन्ही राजांना विचारायचं:
काला खट्टा हवा की कैरी?
मी आणि मंदाकिनी उसगावकर.
खट्टा इकडे, कैरी तिकडे.
गळ्यात हात टाकून जायचं
आणि समोरासमोर उभं राहायचं.
लगोरीत तिचा चेंडू माझ्याच पाठीत बसायचा, सणसणीत,
दुसऱ्या कुणावर ती एवढा नेम वाया घालवत नसे.
रात्री तीच खोबरेलाची वाटी घेऊन यायची,
"वळ बघू" म्हणायची.
आई सांगायची, भीड भिकेची बहीण.
मला वाटायचं, भीड संपते तिथे भिडू सुरू होतो.
व्याकरणाला विचारू नका,
व्याकरण आमच्या चौकात कधी आलं नाही.

न्यायाधीशांनी चष्मा काढला, मराठीत विचारलं,
"भिडू म्हणजे नक्की काय रे?"

तो गडबडला.
"म्हणजे... ह्याच्या अब्बांची मयत होती ना साहेब,
तेव्हा ह्यांच्या घरचं पाणी मी भरलं.
माझ्या ताईच्या लग्नात
ह्याने सगळ्या चपला सांभाळल्या, जेवला पण नाही.
असं."

"म्हणजे मित्रच की."

"मित्र तर वर्गात पण असतात, साहेब."

कोणी हसलं नाही.
आरोपीच्या पिंजऱ्यात अल्ताफ
पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत होता.

मी उठले. म्हटलं, शब्द तसाच ठेवावा,
याला पर्यायी शब्द माझ्याकडे नाही.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा म्हटलं हे.
टायपिस्टने स्पेलिंग विचारलं.
बी, एच, आय, डी, यू.
सरकारी वकिलांची हरकत नोंदवली गेली.
पुढची तारीख चौदा.

पोरी विषम झाल्या की एक उरायची,
ती दोन्हीकडची भिडू.
दोन्ही राजांसाठी धावायचं,
आणि जिंकल्यावर ओरडायला जागा नाही.
जिन्यावरून उतरताना आठवलं ते,
आणि हातातली फाइल जरा जड लागली.

मंदी हल्ली बदलापूरला, गुडघे गेलेत.
फोन लावला.
म्हटलं, "अगं, आज कोर्टात
तुझं नाव न घेता तुझ्याबद्दल बोलले."

ती चहा गाळत असावी, गाळणी आपटल्याचा आवाज आला.
मग म्हणाली,
"कुणाच्या बाजूने?"